विश्लेषण : समुद्राखालच्या जंगलातही सफारीचे नियम का हवेत? मालवण, अंदमान, लक्षद्वीपला ‘स्कूबा’ करण्याआधी…

दिवाळी आणि नाताळच्या सुट्या जवळ आल्या की विदर्भातून कोकण, गोवा आणि अंदमानकडे जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. पूर्वी या सहलीत किल्ला, देवदर्शन आणि किनाऱ्यावरची संध्याकाळ एवढे असायचे. आता त्यात ‘स्कूबा’ आले आहे. पोहता न येणारे, समुद्र प्रथमच पाहणारे लोकही पाठीवर सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरतात आणि मोबाइलवर व्हिडीओ घेऊन परततात. पण ज्या प्रवाळांच्या आणि माशांच्या दुनियेत ते उतरतात, तिला कायद्याने वाघाइतकेच संरक्षण आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बेटांवरचे हे पर्यटन नेमके कसे चालते, कुठे जावे, काय पाहावे, काय जपावे आणि समुद्राखालच्या या जंगलावर कोणते संकट आहे, याविषयी…

कुहीच्या वाचकाने समुद्राची चर्चा कशासाठी करायची?

नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरच्या कुहीपासून अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्ही दूर. पाणी म्हणजे वैनगंगा, आंभोऱ्याचा संगम आणि गोसेखुर्दचे बॅकवॉटर. जंगल मात्र दारात आहे. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग कुही वन्यजीव परिक्षेत्रात येतो. सफारीची जिप्सी, गाइड, ‘गाडीतून उतरू नका’, ‘आवाज करू नका’ हे नियम इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ आहेत.

हे नियम मोडले तर काय होते, तेही याच परिसराने पाहिले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगाव सफारी मार्गावर एफ-२ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. चित्रफीत पसरली, जिप्सीचालक आणि गाइड यांच्यावर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. वाघिणीची वाट अडवणे चूक आहे, हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

समुद्राखाली मात्र अशी गर्दी रोज होते, तिची चित्रफीत कोणी तक्रार म्हणून पसरवत नाही. उलट तीच आठवण म्हणून घरी येते. प्रवाळावर उभे राहून काढलेला फोटो पाहणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण पायाखाली दगड आहे असाच त्याचा समज असतो.

प्रवाळ म्हणजे दगड, वनस्पती की प्राणी?

प्रवाळ हा प्राणी आहे. मोहरीपासून वाटाण्याएवढ्या आकाराचे असंख्य जीव एकत्र वसाहत करून राहतात. प्रत्येक जीवाला तोंड असते, तोंडाभोवती बारीक शुंडके असतात. हे जीव समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती कवच बांधतात. जुने जीव मरतात, कवच राहते, त्यावर नवे जीव वाढतात. अशा थरांतून प्रवाळभित्ती उभी राहते.

या जीवांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळाचे रंगही बरेचसे या शैवालामुळेच असतात. म्हणून प्रवाळाला उबदार, स्वच्छ आणि उथळ पाणी लागते. गढूळ पाण्यात प्रकाश पोहोचत नाही आणि शैवाल उपाशी राहते.

वाढीचा वेग लक्षात घेतला की नुकसानीचा अंदाज येतो. डोंगरासारखे गोलाकार वाढणारे प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे फुटबॉलएवढा प्रवाळ तयार व्हायला दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. पंखाचा किंवा नांगराचा एक फटका तो क्षणात फोडतो. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही, तरी समुद्रातील ज्ञात जातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जातींना आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर या भित्तींचा आधार लागतो. मासे इथे अंडी घालतात, पिल्ले इथल्या कपारींत वाढतात.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे. त्याच अनुसूचीत २००१ पासून भित्ती बांधणारे प्रवाळ आणि देवमुशी अर्थात व्हेल शार्कही आहे. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेररचना झाली, तरी हे संरक्षण कायम राहिले.

या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे फक्त ठार मारणे नव्हे. प्राण्याला इजा करणे, नष्ट करणे किंवा त्याच्या शरीराचा भाग काढून घेणे हेही शिकारीच्या व्याख्येत येते. प्रवाळ प्राणी असल्याने त्याचा तुकडा मोडून खिशात घालणे याच व्याख्येत बसते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. काही शंख-शिंपल्यांनाही कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे बेटावरून ‘आठवण’ म्हणून काही उचलून आणण्याआधी दोनदा विचार करावा. किनाऱ्यावर पडलेला पांढरा तुकडाही प्रवाळाचाच सांगाडा असतो.

महाराष्ट्रात हे जंगल कुठे आहे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात. मालवणच्या समुद्रातील कुरटे बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला. त्या किल्ल्याच्या भोवतीच्या खडकांवर आज प्रवाळ आहेत. १९८७ मध्ये या परिसराला मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८ चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र आहे. राज्यातील हे पहिले सागरी अभयारण्य.

मालवणपासून दक्षिणेला निवती आणि वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटांचा एक छोटा समूह आहे. वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड या नावांनी तो ओळखला जातो. तिथे दीपगृह आहे आणि गुहांमध्ये भारतीय पाकोळी हा पक्षी लाळेपासून घरटी बांधतो. या घरट्यांची तस्करी उघडकीस आल्यानंतर बेटावर संरक्षणाचे काम सुरू झाले. आसपासच्या पाण्यात डॉल्फिन दिसतात.

तिसरी जागा पर्यटकाच्या आवाक्याबाहेरची आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठाराचा माथा पाण्याखाली साधारण २० मीटरवर आहे. किनाऱ्यापासून दूर आणि नद्यांच्या गाळापासून मुक्त असल्याने तिथले प्रवाळ समृद्ध आहेत. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या मोहिमेने त्यांची पाहणी केली.

मालवण, अंदमान की लक्षद्वीप?

तिन्ही ठिकाणी समुद्राखाली जाता येते, पण अनुभव वेगळा असतो.

*मालवण :* पहिल्या डुबकीसाठी सोयीचे आणि खिशाला परवडणारे. पण येथे नद्यांचा गाळ समुद्रात येतो, त्यामुळे पाणी जाहिरातीतल्या फोटोंइतके निळे-नितळ नसते. पाच-सहा मीटरपर्यंत स्पष्ट दिसले तरी तो चांगला दिवस समजायचा. प्रवाळ बहुतेक गोलाकार आणि खडकाला चिकटून वाढणारे. मासे मात्र भरपूर.

*अंदमान :* खरी उष्णकटिबंधीय बेटांची रांग. पूर्वीचे हॅवलॉक म्हणजे आजचे स्वराज द्वीप आणि पूर्वीचे नील म्हणजे शहीद द्वीप ही डुबकीची मुख्य केंद्रे. पाणी चांगले असेल त्या दिवशी २० मीटरपर्यंत आणि त्याहून पुढेही दिसते. सेल्युलर जेल पाहण्यासाठी मराठी पर्यटक पिढ्यानपिढ्या येथे जातात. त्याच सहलीत दोन दिवस वाढवले की समुद्राचे दर्शन होते. वंडूर येथे १९८३ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या जॉली बॉय आणि रेड स्किन या बेटांना आळीपाळीने विश्रांती दिली जाते. एक सुरू असते तेव्हा दुसरे बंद. बोटीत चढण्याआधी प्लास्टिकची तपासणी होते. कऱ्हांडल्याच्या प्रवेशद्वारावरची शिस्त समुद्रावरही आणता येते, याचे हे उदाहरण.

*लक्षद्वीप :* ३६ छोटी बेटे, त्यातील १० वस्तीची, एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. कुही तालुक्याच्या तुलनेतही ती अगदीच लहान. ही बेटे पूर्णपणे प्रवाळापासून बनलेली आहेत. जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. कोचीहून अगत्तीला विमान आणि इतर बेटांना जहाज जाते. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या भेटीनंतर पर्यटकांची उत्सुकता वाढली. पण या बेटांवर नदी नाही. वाळूखाली साचलेला पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर हाच आधार. त्यामुळे किती पर्यटक झेपतील, हा इथला कळीचा प्रश्न आहे.

याशिवाय गोव्यातील ग्रँड आयलंड आणि कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट हेही पर्याय आहेत.

केव्हा जावे?

मालवणला ऑक्टोबर ते मे. त्यातही पाणी स्वच्छ मिळण्याची शक्यता नोव्हेंबर ते मार्चमध्ये अधिक. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत पावसाळ्यामुळे जलपर्यटन बंद ठेवले जाते. या काळात कोणी ‘गुपचूप नेतो’ म्हणाले तरी जाऊ नये. अंदमानात डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. लक्षद्वीपलाही पावसाळा टाळावा.

कोणकोणते जीव दिसतात?

पहिल्याच डुबकीत देवमुशी किंवा कासव दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. कऱ्हांडल्यात पहिल्या फेरीत वाघ दिसेलच असे नाही, तसेच हे. मालवणला पट्टेदार मासे, पोपटासारख्या चोचीचे पॅरटफिश, फुलपाखरू मासे, समुद्रकाकडी, समुद्री साळू, खेकडे आणि नशीब असेल तर एखादे कासव दिसते. अंदमान, लक्षद्वीपमध्ये समुद्रफुलांच्या शुंडकांत लपणारा क्लाउनफिश, पाकट, छोटे शार्क आणि कासवे दिसण्याची शक्यता अधिक.

पाण्यात न उतरताही बरेच काही पाहता येते. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यालगत होडीतून डॉल्फिन दिसतात. रत्नागिरीतील वेळास आणि सिंधुदुर्गातील वायंगणी यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्ले समुद्राकडे धाव घेताना पाहता येतात. वेंगुर्ल्यात महिलांच्या बचत गटाने सुरू केलेली कांदळवन सफारी आहे. घरातील ज्येष्ठांना आणि लहान मुलांना हे पर्याय अधिक मानवतात.

पोहता येत नसेल तर उतरता येते का?

येते. पर्यटकांसाठीची पहिली डुबकी ही ‘ट्राय डाइव्ह’ असते. त्यात एका पर्यटकासोबत एक प्रशिक्षित पाणबुड्या असतो आणि तोच तुम्हाला धरून नेतो. आधी उथळ पाण्यात सराव करून घेतला जातो. डोळ्यांवर आणि नाकावर मास्क बसतो, श्वास तोंडातल्या नळीतून घ्यायचा असतो. नाकाने श्वास घेण्याची सवय मोडायला पाच-दहा मिनिटे लागतात. त्यासाठी वेळ न देता थेट पाण्यात ढकलणारा आयोजक टाळावा.

सिलिंडरमध्ये शुद्ध ऑक्सिजन असतो, हा गैरसमज आहे. त्यात आपण घेतो तीच हवा दाबाखाली भरलेली असते.

पाण्यात दर दहा मीटर खोलीमागे दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो आणि फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते. यातून दोन नियम निघतात.

पहिला नियम, श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना प्रसरण पावते. श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. विहिरीत किंवा नदीत सूर मारणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथे श्वास रोखणे हीच सवय असते.

दुसरा नियम, कानाचा. खाली जाताना कान दुखू लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा सोडायची. तरी दुखत असेल तर थांबायचे, थोडे वर यायचे. ‘सहन करू’ म्हणून खाली गेल्यास पडदा फाटू शकतो.

खुणांबाबतही गोंधळ होतो. अंगठा वर केला की पाण्याखाली त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, तर ‘मला वर न्या’ असा होतो. सारे ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करायचे.

ज्यांना पुढे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी तीन-चार दिवसांचे अभ्यासक्रम आहेत. ‘ओपन वॉटर’ प्रमाणपत्र मिळाल्यावर १८ मीटरपर्यंत जाता येते. त्यासाठी पोहता येणे आवश्यक असते. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था मालवणजवळ तारकर्ली येथे आहे.

कोणी उतरू नये?

दमा, हृदयविकार, फिट येणे, कानाची शस्त्रक्रिया किंवा कानातून पाणी येणे असा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गर्भवतींनी उतरू नये. साधी सर्दी असली तरी डुबकी पुढे ढकलावी, कारण नाक बंद असेल तर कानाचा दाब जुळवता येत नाही. आदल्या रात्रीचे मद्यपानही धोक्याचे. आयोजक आरोग्याचा अर्ज भरून घेतो तेव्हा ‘सगळीकडे नाही लिहा’ असे कोणी सुचवल्यास ऐकू नये. त्या अर्जावर सही आपली असते आणि फुप्फुसेही आपलीच.

विमानाने परतणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. पाण्याखाली शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. लगेच विमानात बसल्यास कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे तयार होऊ शकतात. म्हणून एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा सर्वमान्य सल्ला आहे. स्कूबा सहलीच्या शेवटच्या दिवशी नव्हे, तर सुरुवातीच्या दिवसांत ठेवावे.

धोका फक्त पाण्याखालीच असतो का?

नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्ली येथे स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. डुबकी सुरक्षित पार पडली होती, अपघात परतीच्या वाटेवर झाला. त्यामुळे होडीत किती माणसे बसवली आहेत, प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का आणि ते बांधलेले आहे का, हे पाहणे ही पर्यटकाचीही जबाबदारी आहे. आंभोऱ्याला किंवा गोसेखुर्दच्या पाण्यात होडीने फिरतानाही हाच नियम लागू होतो.

पर्यटकांमुळे प्रवाळांचे खरेच नुकसान होते का?

होते, आणि मालवणबाबत त्याची शास्त्रीय नोंद आहे. ‘मरीन पोल्युशन बुलेटिन’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय संशोधकांनी मालवण सागरी अभयारण्यातील मनोरंजनासाठीच्या डुबक्यांमुळे प्रवाळांना होणारी इजा मांडली. जबाबदारी कोणाचीच नसल्याने सामायिक संपत्तीचा ऱ्हास होतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता.

नुकसान कसे होते? होडीचा नांगर प्रवाळावर टाकला जातो. शिकाऊ पर्यटक तोल सांभाळण्यासाठी प्रवाळाला धरतो, त्यावर पाय रोवतो किंवा गुडघे टेकतो. पायातले पंख तळाची वाळू उडवतात आणि ती प्रवाळावर बसते. व्हिडीओत मासे जास्त दिसावेत म्हणून पाव, बिस्किटे टाकली जातात. त्यामुळे माशांच्या सवयी बदलतात. शैवाल खाऊन प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे आयत्या खाण्याकडे वळतात.

यातले कोणीही मुद्दाम वाईट करत नाही. गाइडला पर्यटक खूश हवा असतो, पर्यटकाला व्हिडीओ हवा असतो. गोठणगावच्या मार्गावरही नेमके हेच घडले होते. फरक एवढाच की तिथे वनरक्षक, प्रवेशद्वार, गाड्यांची मर्यादा आणि शेवटी न्यायालय होते. पाण्याखाली बहुतेक वेळा साक्षीदार फक्त मासे असतात.

मग पर्यटन थांबवले तर प्रवाळ वाचतील?

फक्त तेवढ्याने नाही. मोठे संकट तापणाऱ्या समुद्राचे आहे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एक अंशाने जरी काही आठवडे जास्त राहिले, तरी प्रवाळ आपल्या शरीरातील शैवाल बाहेर टाकतो. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच प्रवाळ पांढरे पडणे म्हणतात. तो लगेच मरत नाही. पाणी वेळेत थंड झाले तर सावरतो. उष्णता टिकली तर उपासमारीने मरतो.

१९९८, २०१० आणि २०१६ मध्ये भारतीय बेटांना याचा फटका बसला. २०१० मध्ये अंदमानात मोठ्या प्रमाणावर प्रवाळ पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातील चौथी अशी घटना सुरू असल्याचे जाहीर झाले आणि लक्षद्वीपमध्येही प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद झाली. लक्षद्वीपमध्ये १९९८ पासून २४ वर्षे केलेल्या निरीक्षणांनुसार जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आले, म्हणजे जवळपास निम्मे झाले. दोन उष्णतेच्या लाटांमधले अंतर कमी होत असल्याने प्रवाळांना सावरायला वेळ मिळत नाही, हे त्यामागचे कारण.

इथे पर्यटकाची भूमिका पुन्हा येते. तापामुळे आधीच अशक्त झालेल्या माणसाला धक्का लागला तर तो पडतो, तसेच प्रवाळाचे. समुद्राचे तापमान कुहीतून किंवा मालवणातून लगेच कमी करता येणार नाही. नांगर, पंख आणि बिस्किटे मात्र आजच थांबवता येतात.

स्थानिक मच्छीमारांचे काय?

१९८७ मध्ये अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मालवणच्या मच्छीमारांनी विरोध केला. मासेमारी बंद होईल, ही त्यांची भीती होती. गोसेखुर्दसाठी गावे सोडावी लागलेल्या कुही तालुक्याला ही भावना समजावून सांगण्याची गरज नाही. प्रकल्प असो वा अभयारण्य, निर्णय वरून येतो आणि पोटावर पाय स्थानिकांच्या पडतो, असे त्यांना वाटते. रापण लावणारे पारंपरिक मच्छीमार आधीच पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीने त्रस्त आहेत.

यातून काही मार्ग निघाले. स्कूबा, होडीची फेरी, घरगुती निवास यातून अनेक मच्छीमार कुटुंबांना उत्पन्न मिळाले. खडक कुठे, प्रवाह कसा, हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते. २०१८ च्या अखेरीस राज्य सरकारने आणखी एक योजना आणली. जाळ्यात अडकलेली देवमुशी, कासव किंवा डॉल्फिन जाळे कापून सोडून दिल्यास मच्छीमाराला कमाल २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. वाघाने बैल मारल्यावर शेतकऱ्याला मिळणाऱ्या भरपाईसारखेच हे तत्त्व. संवर्धनाचा खर्च गरिबाच्या एकट्याच्या माथी पडू नये, हा त्यामागचा विचार.

‘गुलदार’ युद्धनौकेने काय बदलेल?

नौदलाची ‘आयएनएस गुलदार’ ही नौका ३८ वर्षांच्या सेवेनंतर १२ जानेवारी २०२४ रोजी अंदमानात निवृत्त झाली. सुमारे ८४ मीटर लांबीची ही नौका निवतीजवळच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा महाराष्ट्राचा प्रकल्प आहे. बुडालेल्या जहाजाच्या पोलादावर हळूहळू शेवाळ, शिंपले, प्रवाळ धरतात आणि मासे आसरा घेतात. पर्यटकांची काही गर्दी तिकडे वळली तर मालवणच्या नैसर्गिक प्रवाळांवरचा ताण कमी होऊ शकतो. मात्र तिथेही होड्या बांधण्यासाठी कायमचे तरंगते बोये आणि दिवसाला किती जण उतरणार याची मर्यादा नसेल, तर गर्दीची जागा फक्त वाढेल.

कुहीहून जायचे कसे?

मालवणसाठी रेल्वेने कुडाळ गाठावे. तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर. नागपूर-मडगाव विशेष गाडी कोकण रेल्वेने कुडाळमार्गे जाते, पण विशेष गाडी असल्याने तिचे वेळापत्रक आधी तपासावे. दुसरा मार्ग गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेसचा. भंडारा रोड किंवा नागपूरला बसून कोल्हापूरला उतरायचे आणि तिथून घाट उतरून एसटीने मालवण. विमानाने जायचे तर नागपूरहून गोवा आणि पुढे रस्त्याने सिंधुदुर्ग. अंदमानसाठी चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलावे लागते.

पैसे देण्याआधी काय विचारावे?

मोबाइलमध्ये जपून ठेवावी अशी ही छोटी यादी :

• पाण्याखाली माझ्यासोबत एकट्यासाठी एक प्रशिक्षक असेल का? त्याचे प्रमाणपत्र कोणते?

• उथळ पाण्यातला सराव किती वेळ?

• आरोग्याचा अर्ज भरून घेता का? विमा आहे का?

• होडीला परवाना आहे का, क्षमता किती, लाइफ जॅकेट सर्वांना का?

• होडी बोयाला बांधता की नांगर टाकता?

• होडीवर आपत्कालीन ऑक्सिजन आणि प्रथमोपचार पेटी आहे का?

• माशांना खायला टाकता का?

शेवटच्या प्रश्नाला ‘हो, त्याशिवाय व्हिडीओ चांगला येत नाही’ असे उत्तर मिळाले तर दुसरा आयोजक शोधावा. पाण्यात उतरताना अंगाला सनस्क्रीन फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट घालावा, कारण काही सनस्क्रीनमधील रसायने प्रवाळाला घातक ठरतात. हात छातीशी ठेवावेत, कशालाही स्पर्श करू नये, वर येताना काहीही सोबत आणू नये.

ग्राहकाने प्रश्न विचारले की व्यवसाय बदलतो. दहापैकी चार पर्यटकांनी ‘नांगर का टाकता?’ असे विचारले, तर पाचव्याच्या वेळी होडीवाला बोया शोधू लागेल. कऱ्हांडल्याच्या वाटेवर गाडी थांबवून ‘वाघिणीला जाऊ द्या’ म्हणणारा पर्यटक जंगलाला जितका हवा आहे, तितकाच मालवणच्या खडकांवर ‘मला प्रवाळापासून थोडे लांब धरा’ म्हणणारा पर्यटक समुद्राला हवा आहे. आणि हे सांगण्यासाठी पोहता यावे लागत नाही.